मुळशीत गाण्याचं शूट लावताय? कॅमेऱ्याचं सोडा, बाकीचं बघा

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड असं करत ताम्हिणीकडे निघा. ट्रॅफिकमध्ये निदान एक टोळी अशी दिसतेच: मागे बसलेल्याच्या हातात गिंबल, सॅकमधून डोकावणारा ब्लूटूथ स्पीकर, आणि दुसऱ्या गाडीवर इस्त्रीचा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत सांभाळत बसलेला गायक. गाणं स्वतःचं, बीट यूट्यूबवरून घेतलेली, लोकेशन मुळशी धरणाचं बॅकवॉटर नाहीतर ताम्हिणीतला एखादा धबधबा. बजेट म्हणजे पेट्रोल, मिसळ आणि उरलेच पैसे तर एक दिवसाचा ड्रोन.

सिम्बायोसिस आणि फ्लेमची कॅम्पस याच तालुक्यात लवळ्याला आहेत, पुण्यातली बाकी कॉलेजं गाडीवरून तासाभराच्या अंतरावर. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या म्युझिक व्हिडिओसाठी मुळशी हा बिनभाड्याचा स्टुडिओ झालाय. माझं नोकरीतलं बरंचसं काम व्हिडिओ फाइल्सशी संबंधित आहे, म्हणून कॉलेजमधली ज्युनियर पोरं अर्धवट एडिट घेऊन माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, कॅमेरा भाड्यानं घ्यायला हवा होता का?"

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. चित्राचा प्रश्न फोननं कधीच सोडवलाय. अडतं ते स्क्रीनवर न दिसणाऱ्या गोष्टींवर. फाइलमधलं घड्याळ चुकतं, ज्या जागेवर उभे आहात ती जागा कुणाची ते कुणी विचारलेलं नसतं, आणि ज्या बीटवर गाणं बांधलंय ती नक्की आपली आहे का हेही माहीत नसतं. कॅमेऱ्याचं भाडं गोळा करण्यापेक्षा या गोष्टी आधी मिटवा, एवढंच मला या लेखात म्हणायचंय.

चित्र फुकट झालं, हे खरंच

२०२० मध्ये टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी आली, तेव्हा व्हिवाव्हिडिओही गेलं आणि फोनवर एडिटिंग शिकलेल्या अनेकांची पंचाईत झाली. आजची परिस्थिती बघा. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप २०२३ मध्ये आयफोनसाठी आणि २०२४ मध्ये काही अँड्रॉइड फोनसाठी आलं. शटर, फ्रेम रेट, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं हातानं लॉक करता येतं आणि पैसे लागत नाहीत. त्याच कंपनीचं दाविंची रिझॉल्व्ह लॅपटॉपवर फुकट चालतं, अल्ट्रा एचडीपर्यंत एक्सपोर्ट करतं आणि वॉटरमार्क टाकत नाही. एक सूचना: लिनक्स वापरत असाल तर रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती फोनच्या नेहमीच्या एच.२६४ फाइल्स उघडत नाही, आधी रूपांतर करावं लागतं. इन्स्टाग्रामचं एडिट्स ॲप एप्रिल २०२५ मध्ये आलं, तेही बिनवॉटरमार्कचं. म्हणजे चार वर्षांपूर्वीचा चांगला फोन आणि मित्राचा गेमिंग लॅपटॉप एवढ्यात काम होतं.

मग बिघडतं कुठे?

ओठ पुढे, शब्द मागे

सर्वात जास्त एडिट इथं फसतात. पहिल्या कडव्यात गायकाचे ओठ नीट जुळतात, दुसऱ्यात थोडे सरकतात, शेवटच्या धृपदाला तो डब केलेल्या साउथच्या पिक्चरमधला व्हिलन वाटायला लागतो.

कारण असं. सेकंदाला ३० फ्रेम असं आपण म्हणतो, पण फोन तेवढ्या काटेकोरपणे ३० देत नाही. प्रोसेसर तापला, उजेड कमी झाला की दोन फ्रेममधलं अंतर कमी-जास्त होतं. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. आयफोनमध्ये तर 'ऑटो एफपीएस' नावाची सेटिंगच आहे: अंधार पडला की फोन आपणहून ३० वरून २४ वर येतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमला जास्त उजेड मिळतो. आता मुळशीतल्या जंगलात जुलैमध्ये शूट करताय हे लक्षात घ्या. अंधारबनाला अंधारबन उगाच म्हणत नाहीत. झाडीत शिरलात की फोन खाली येणार, मोकळ्यावर आलात की पुन्हा वर जाणार, आणि हे एकाच क्लिपमध्ये घडू शकतं.

फोनमधला प्लेयर प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा शिक्का वाचून ती दाखवतो, म्हणून गॅलरीत सगळं बरोबर दिसतं. एडिटिंगची टाइमलाइन मात्र ठरलेल्या गतीनं चालते. काही सॉफ्टवेअर हा फरक नीट पचवतात, काही नाही. फरक किती पडतो याचा अंदाज घ्यायचा तर साधं गणित करा. २९.९७ नं घेतलेल्या फ्रेम ३० नं चालवल्या तर चूक फक्त हजारात एकाची आहे. पण चार मिनिटांचं गाणं म्हणजे २४० सेकंद. शेवटी पाव सेकंद, म्हणजे जवळपास सात फ्रेमचा फरक पडतो. ओठांच्या बाबतीत दोन-तीन फ्रेमही डोळ्याला खटकतात.

गंमत म्हणजे दर दोन सेकंदांना कट असेल तर हे लपून जातं, कारण प्रत्येक क्लिप नव्यानं जुळवलेली असते. एका टेकमध्ये अख्खं कडवं घेतलेल्या शॉटमध्येच ते उघडं पडतं. आणि प्रत्येक पोराला असा एक लांब टेक हवाच असतो.

उपाय फुकट आहे. शूट करताना फ्रेम रेट लॉक करा, ऑटो एफपीएस बंद करा. शूट होऊन गेलं असेल तर हँडब्रेकमध्ये फाइल टाकून 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडा आणि मगच एडिटला घ्या. एचडीआरही बंद ठेवा. आयफोनवर ते आधीपासून चालू असतं आणि साध्या टाइमलाइनवर आकाश पांढरंफटक पडतं. मग ग्रुपवर 'कलर ग्रेडिंग जमलं नाही' म्हणून रडगाणं सुरू होतं, जे ग्रेडिंगचं नसतंच.

दुसरं कारण शाळेतल्या फिजिक्सचं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. गायक बॅकवॉटरच्या काठावर, स्पीकर त्याच्या पायाशी आणि तुम्ही ३४ मीटर मागे झूम करून उभे. ओठ हलल्याचं तुम्हाला लगेच दिसतं, पण स्पीकरचा आवाज फोनच्या माइकपर्यंत ०.१ सेकंद उशिरा पोहोचतो. एडिटमध्ये तुम्ही त्या माइकच्या आवाजावरून मूळ गाणं जुळवता, आणि अख्खी क्लिप तीन फ्रेमनं चुकते. म्हणून लांबच्या शॉटला आवाजाच्या वेव्हफॉर्मवर विसंबू नका. टेकच्या सुरुवातीला गायकाला गाण्याच्या ठोक्यावर एक टाळी वाजवायला सांगा. हात एकमेकांना लागतात ती फ्रेम शोधा, ती त्या ठोक्याशी जुळवा, विषय संपला. सिनेमातला क्लॅप तरी दुसरं काय करतो?

स्लो मोशनमध्ये गाणारा हिरो हवा असेल तर युक्ती अशी. घरीच गाण्याची दुप्पट वेगाची फाइल बनवा आणि सुरुवातीला चार टकटक टाका. लोकेशनवर ती वाजवा, गायकानं त्या वेगानं ओठ हलवायचे, तुम्ही ६० फ्रेमनं शूट करायचं. ३० च्या टाइमलाइनवर ती क्लिप अर्ध्या वेगानं टाकली की ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि केस, पाणी, शर्ट सगळं तरंगत राहतं. दुप्पट वेगात रॅप म्हणणं अवघड जातं, तेव्हा सराव घरी करून या. घाटात उभं राहून पाठांतर करायचं म्हणजे बॅटरी आणि उजेड दोन्ही घालवणं.

पाऊस कोडेकला आवडत नाही

मुळशीत जायचं ते धुकं, पाऊस आणि हिरव्यागार गवतासाठी. नेमकं हेच व्हिडिओ कॉम्प्रेशनला सगळ्यात जड जातं. कोडेक प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. आधीच्या फ्रेममधलं काय कुठे सरकलं एवढंच तो लिहून ठेवतो. मागे भिंत असेल तर त्याचं काम सोपं. पण पाऊस पडतोय, पानं हलतायत, धबधबा कोसळतोय, म्हणजे प्रत्येक थेंब नवीन. ठरलेल्या बिट्समध्ये हे मावत नाही, आणि गवताचा हिरवा लगदा दिसायला लागतो.

म्हणून ताम्हिणीतला शॉट फोनवर भारी आणि यूट्यूबवर चिखल, असं होतं. कॅमेरा बदलून यात फार फरक पडत नाही. अपलोडची सेटिंग बदलून पडतो. १०८०पी साठी यूट्यूब ८ एमबीपीएसची शिफारस करतं, फोर-केसाठी ३५ ते ४५. शूट १०८०पी मध्ये असलं तरी एक्सपोर्ट फोर-केमध्ये करून चढवा. मोठ्या रिझोल्यूशनच्या व्हिडिओला यूट्यूब जास्त बिट्स देतं, त्याचा फायदा मिळतो. शटर १/५० किंवा १/६० च्या आसपास ठेवा, म्हणजे थेंबांचे ठिपके न दिसता रेषा दिसतात. दिवसा त्यासाठी फोनवर चिकटवायचा एनडी फिल्टर लागेल. हॉस्टेलच्या खोलीतल्या शॉटलाही १/५० किंवा १/१०० च ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ते डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं.

आणि क्लिप्स व्हॉट्सॲपवर 'व्हिडिओ' म्हणून पाठवू नका. केबल वापरा, क्विक शेअर वापरा, अगदीच नाइलाज झाला तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जाते. ५० एमबीपीएसच्या फोर-के फुटेजचा एक मिनिट म्हणजे ३७५ एमबी. ४० मिनिटांचं शूट १५ जीबी खातं. निघण्याआधी फोन रिकामा करा. घाटात रेंज नसते, ड्राइव्हवर टाकून जागा करू हा बेत तिथं चालत नाही.

जागा कुणाची?

मुळशीत हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. ज्या बॅकवॉटरसमोर आपण ड्रोन उडवतो, ते धरण टाटांनी वीजनिर्मितीसाठी बांधलं आणि जमिनी वाचवण्यासाठी मावळच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. २०१८ मध्ये प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' आला तोही जमिनीबद्दलच होता, फक्त विकलेल्या. पोरांनी त्यातून गाड्या आणि गॉगल उचलले, जमीन विसरली.

धरणाचा परिसर आजही टाटा पॉवरकडे आहे, भिंतीजवळ शूटिंग विनापरवाना होत नाही. ताम्हिणीचा बराच भाग २०१३ पासून वन्यजीव अभयारण्य आहे. तिथं आत जायला आणि चित्रीकरणाला वनविभागाची परवानगी लागते, फोन असो की मोठा कॅमेरा. उरलं ते खासगी. जूनअखेर-जुलैमध्ये भाताची लावणी चालू असते. बांधावरून चालत शॉट घेताना दोन रोपं तुडवली तर तुमच्या दृष्टीनं तो बी-रोल असतो, शेतकऱ्याच्या दृष्टीनं आंबेमोहर. "काका, तासभर बांधावर शूटिंग करू का, चिखलात उतरणार नाही," एवढं विचारलं की शक्यतो कुणी नाही म्हणत नाही, वर चहा मिळतो. न विचारता उतरलात तर शिव्या मिळतात, आणि त्या न्याय्य असतात. सरकारी जागांसाठी राज्याची चित्रीकरणाची एक खिडकी योजना आहे, अर्ज ऑनलाइन होतो; पण रविवारी जायचंय म्हणून शनिवारी अर्ज करून उपयोग नाही.

परवानगीची गोष्ट किती महागात जाते याचं उदाहरण पुण्यातच घडलंय. एप्रिल २०२३ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शूट केलेला एका तरुणाचा रॅप व्हिडिओ बाहेर आला. शिव्या, टेबलावर दारूची बाटली, तलवार, पिस्तूल असा सगळा मसाला. आंदोलनं झाली, चतुःशृंगी पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. त्याच महिन्यात राजकीय रॅपवरून राज्यात आणखी दोन तरुणांवर गुन्हे दाखल झाले होते. लोक तिन्ही प्रकरणं एकाच पिशवीत टाकतात, मला ते पटत नाही. राजकीय रॅपचं भांडण शब्दांचं होतं, अभिव्यक्तीचं होतं, आणि तिथं मी रॅपरच्या बाजूनं आहे. विद्यापीठातल्या व्हिडिओत शब्दांची चर्चा सुरू होण्याआधीच 'आत शिरलात कसे' हा प्रश्न उभा राहिला आणि त्याला उत्तर नव्हतं. परवानगीचा कागद नसेल तर तुमची कलेची बाजू मांडायची वेळच येत नाही. तुमच्या गाण्यात कुणाला झोंबेल असं काही असेल, तर जागेच्या बाबतीत दुप्पट काटेकोर राहा.

पावसाळ्याचं वेगळं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर लगेच पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मुळशी, मावळसह अनेक तालुक्यांतल्या पर्यटनस्थळांवर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश काढला. धोक्याच्या जागी सेल्फी आणि रील काढण्यावरही त्यात बंदी होती, मोठ्यानं गाणी वाजवण्यावरही. म्हणजे तुमचा गिंबल आणि तुमचा स्पीकर, दोघांचा उल्लेख एकाच कागदावर. त्याच जुलैमध्ये ताम्हिणी उतरल्यावर माणगाव तालुक्यात लागणाऱ्या कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ करताना एक २७ वर्षांची इन्स्टाग्रामर दरीत पडून गेली. २०२५ मध्येही असे आदेश निघाले. दर वर्षी जागा आणि तारखा बदलतात, म्हणून निघण्याआधी त्या आठवड्याचा आदेश बघा.

यावर पोरं म्हणतात, सगळंच बंद केलं तर शूट करायचं कधी? माझं साधं मत: सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलैतल्या ताम्हिणीत एका दिवसात ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडल्याची नोंद आहे; अशा हवेत ना उजेड स्थिर राहतो, ना लेन्स कोरडी. आयपी६८ चा शिक्का असलेला फोनही पाण्यानं गेला तर वॉरंटीत सहसा बसत नाही. ऑक्टोबरात डोंगर हिरवेच असतात, सोनकी फुललेली असते, ओढ्यांना पाणी असतं आणि आकाश पाच मिनिटांत रंग बदलत नाही. फुटेज जुळवताना हा शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त कामाला येतो.

ड्रोनबद्दल थोडक्यात. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनलाही बिगर-व्यावसायिक वापरासाठी लागत नाही. पण मोनेटाइझ होणाऱ्या चॅनेलसाठी शूट करून त्याला बिगर-व्यावसायिक म्हणणं धाडसाचं आहे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, आणि क्षेत्र कुठलं ते डिजिटल स्कायच्या नकाशावर दिसतं. खडकवासल्याची एनडीए भूगाव-बावधनपासून फार लांब नाही हे नकाशा न बघणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. अभयारण्यावर तर परवानगीशिवाय नाहीच. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे भाड्यानं मिळणारा ड्रोन कुठून आला, नोंदलेला आहे का, हे विचारा. पकडला गेलात तर हातात रिमोट तुमच्या असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं ड्रोनसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदाही आणला, तेव्हा नियम आणखी घट्ट होण्याचीच शक्यता आहे. माझं विचाराल तर विद्यार्थ्यांच्या बहुतेक व्हिडिओंत ड्रोनचा शॉट गाण्यासाठी नसतो, 'आमच्याकडे ड्रोन होता' हे सांगायला असतो.

'फ्री बीट' खरंच फ्री असते का?

खरा धोका इथं आहे, आणि याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष असतं. बाकी चुका एका व्हिडिओपुरत्या असतात, ही अख्ख्या चॅनेलवर येते.

नेहमीचा घटनाक्रम असा. यूट्यूबवर 'फ्री टाइप बीट' शोधायची, डाउनलोड करायची, त्यावर स्वतःचे शब्द रेकॉर्ड करायचे. त्या 'फ्री'चा अर्थ बहुतेक वेळा 'पैसे कमावणार नसाल तर फ्री' असा असतो आणि तो वर्णनात खाली बारीक लिहिलेला असतो. पैसे देऊन घेतलेली बीटही शक्यतो लीजवर असते, म्हणजे तीच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेली असू शकते. आता त्या पन्नासातल्या एकानं आपलं गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत टाकताना कंटेंट आयडीचा पर्याय चालू केला. कंटेंट आयडी ऑडिओचा ठसा बनवून प्रत्येक अपलोडशी ताडून बघतं. त्याला तुमचे शब्द कळत नाहीत, बीट कळते. बीट तीच, म्हणून तुमच्या व्हिडिओवर क्लेम येतो. आता जाहिरातीचे पैसे त्या अनोळखी माणसाला जाऊ शकतात, किंवा व्हिडिओ ब्लॉकही होऊ शकतो. चूक कुणाचीच नव्हती, फक्त लीजमध्ये 'कंटेंट आयडीत नोंदवू नका' असं लिहिलेलं त्यानं वाचलं नाही.

क्लेम आणि स्ट्राइक यात गल्लत करू नका. क्लेम त्या व्हिडिओपुरता असतो. स्ट्राइक चॅनेलवर येतो, आणि ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं. क्लेमवर तुम्ही हरकत घेतली की समोरच्याला ३० दिवस मिळतात. त्या काळात तुमच्याकडे दाखवायला काय आहे? बीटच्या लायसन्सची फाइल, पैसे दिल्याची पावती, डाउनलोड केला त्या दिवशीच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट. हे नसेल तर तुमचा शब्द विरुद्ध त्याचा शब्द.

जुन्या मराठी गाण्याचं कव्हर करणाऱ्यांचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: शब्द आणि चाल यांचा एक, रेकॉर्डिंगचा दुसरा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी नुसार मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं झाली की रॉयल्टी भरून कव्हर करता येतं, पण वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. आणि हे कलम फक्त ध्वनिमुद्रणाला लागू आहे. त्यावर चित्र जोडलं की तो वेगळा हक्क, त्याची परवानगी वेगळी. 'कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं तेव्हा कुणी काही बोललं नाही' हा युक्तिवादही चालत नाही. शैक्षणिक संस्थेतल्या मर्यादित प्रेक्षकांसमोरच्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे, ती यूट्यूबवर लागू होत नाही.

एआयवर बनवलेलं गाणं हा सोपा मार्ग वाटतो. सूनोच्या फुकट प्लॅनवर बनवलेलं गाणं व्यावसायिक वापरासाठी नसतं, हे त्यांच्या अटींतच लिहिलंय. शिवाय मोठ्या म्युझिक कंपन्यांनी जून २०२४ मध्ये सूनो आणि यूडिओ दोघांवर दावे लावले, काहींशी पुढे तडजोडी झाल्या. नियम अजून बदलतायत. अशा पायावर पहिलं गाणं उभं करू नये असं मला वाटतं. वर्गात तबला, ढोलकी, गिटार वाजवणारं कुणीतरी असतंच. त्याला जेवण घाला आणि बीट बनवून घ्या.

पण मग ती बीट कुणाची? आपल्या देशात हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सही केलेलंच ग्राह्य धरतात. किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर पाच वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर भारतापुरतं, असं कायदाच गृहीत धरतो. व्हिडिओचा मालक कॅमेरा चालवणारा नसतो. ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो निर्माता मालक असतो. चार मित्रांत निर्माता कोण, यावर शूटच्या दिवशी कुणी बोलत नाही. गाणं चाललं नाही तर बोलायची गरजही पडत नाही. चाललं तर पहिला फोन कुणाला येतो, चॅनेलचा पासवर्ड कुणाकडे आहे, आणि चौथा मित्र दुसऱ्या ग्रुपमध्ये गेल्यावर बीटवर हक्क सांगतो का, या सगळ्यावर मैत्री तुटताना मी पाहिलीये.

त्यासाठी वकील लागत नाही. एक साधा कागद करा: गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल आणि बीट कुणाची, गायलं कुणी, निर्माता कोण, कमाई आली तर वाटणी कशी, कुठल्या प्रदेशासाठी, किती वर्षांसाठी. खाली सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. फोटो काढून ग्रुपवर टाका. मग त्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये हा कागद, बीटचं लायसन्स, बांधावरच्या काकांचा होकाराचा मेसेज, परवानग्यांच्या प्रती आणि मूळ क्लिप्स असं सगळं एकत्र ठेवा, दोन ठिकाणी. क्लेम सहसा व्हिडिओ टाकल्याबरोबर येतो, पण कधीकधी दोन वर्षांनी, गाणं अचानक एखाद्या रीलवर चालायला लागल्यावर येतो. तोवर निम्म्यांचे फोन बदललेले असतात.